मुंबई-नागपूर: विमानाचं अंतर वेगळं, गाडीचं वेगळं

नेटवर मुंबई ते नागपूर टाकलं की साधारण ६८५ किमी दिसतं, ते सरळ हवाई अंतर आहे, त्यावरून पेट्रोलचा हिशोब करू नका. समृद्धी महामार्गच ७०१ किमीचा आहे आणि तो मुंबईत नाही, भिवंडीजवळ आमण्याला सुरू होतो. म्हणजे अंधेरी-बोरिवलीवाल्यांनी घर ते आमणे वेगळं धरायचं, आणि सकाळी आठला निघालात तर घोडबंदरलाच अर्धा जीव जातो, त्यामुळे पहाटे पाचच्या आत निघा.

विमान हवेत दीड तासच असतं, पण घर ते एअरपोर्ट, चेक-इन, बॅगेची वाट बघणं धरलं की पाचेक तास सहज जातात. एकटे असाल तर विमानच बरं, चौघं असाल तर गाडी परवडते, टोल धरून सुद्धा.

समृद्धीवर कारला ताशी १२० किमीची लिमिट आहे, बाईकला बंदी. आणि निघण्याआधी टायरची हवा नक्की चेक करा, काँक्रीटवर उन्हात टायर जाम तापतात. चहाचा थर्मास आणि डबा घरूनच घ्या, प्रत्येक वळणावर टपरी असते तसला रस्ता नाही हा.