ह्यांचं सिबिल आणि माझं होमलोन

वाळूजच्या एमआयडीसीत, छत्रपती संभाजीनगरजवळ, गावाकडून नव्यानं आलेल्या पोरी पहिल्या सहा महिन्यांत मला दोन गोष्टी विचारतात. पाणी किती दिवसांआड येतं, आणि दुसरं जरा आवाज खाली करून, "ताई, आमच्या ह्यांचं सिबिल खराब हाय. घराचं लोन भेटंल का?" सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं त्याचा रिपोर्ट आणि त्यावरून पडणारे मार्क, म्हणजे स्कोअर. पाण्याचं मला अजूनही नक्की सांगता येत नाही. दुसऱ्या प्रश्नापायी मात्र मी चपला झिजवल्यात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी जिंतूर तालुक्यातली. २००८ला लग्न होऊन इकडं आले, रांजणगावात पत्र्याच्या खोलीत संसार मांडला, कंपनीत स्टोअरला लागले. ह्यांनी २०११ला हप्त्यावर छोटा हत्ती, म्हणजे मालाचा छोटा टेम्पो, काढला. अंबड-घनसावंगीकडून मोसंबी भरायची आणि जाधववाडीच्या मार्केटला आणून टाकायची. वर्षभर बरं चाललं. मग २०१२-१३चा दुष्काळ आला. जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. बागच नाही तर गाडीत भरायचं काय? हप्ते थकले, फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली, विकली, आणि तरी आमच्याकडं ८० हजार बाकी निघाली. २०१६ला वसुलीचा माणूस म्हणाला, तीस हजार भरा, विषय मिटवू. आम्ही भरले. आम्हाला वाटलं, मिटला.

२०२१ला दोघांच्या नावानं होमलोनची फाइल टाकली. बँकेतल्या साहेबांनी काही न बोलता स्क्रीन आमच्याकडं वळवली. ह्यांचा स्कोअर ५८७. गाडीच्या कर्जापुढं 'सेटल्ड'. आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ, ट्रॅक्टरचं कर्ज, हे जामीनदार, हप्ते थकलेले. ट्रॅक्टर चुलत दिरांचा. जामीन राहिल्याचं मला त्या दिवशी, त्या खुर्चीत बसून कळलं. मी ह्यांच्याकडं पाहिलं, तर हे काउंटरवरच्या दोरीनं बांधलेल्या पेनाकडं बघत होते. घरी येईपर्यंत आम्ही एक अक्षर बोललो नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं बँकेचं नाहीच. फाइल टाकायच्या आधी नवरा-बायकोनं घरात बसून दोघांचे रिपोर्ट काढा आणि एकमेकांसमोर वाचा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार संस्था आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही. बँकेनं कर्जासाठी तपासला की मात्र चौकशीची नोंद पडते. त्यामुळं एजंटच्या नादानं एकाच महिन्यात पाच ठिकाणी फाइल टाकू नका. पाचवा साहेब आधीच्या चार नोंदी बघूनच सावध होतो.

रिपोर्टात आकड्यापेक्षा शब्द बघा. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फिटलं. 'सेटल्ड' म्हणजे कमी पैशात तडजोड झाली, बाकीचं सावकारानं सोडलं. आपल्या भाषेत दोन्ही मिटलेलंच, पण बँकेला त्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. 'रिटन ऑफ' असेल तर कर्ज देणाऱ्यानं वसुलीची आशा सोडून ते खात्यातून काढलं असा अर्थ. माफ झालं असा नव्हे. खाली महिन्यांच्या चौकोनांत किती दिवस उशीर झाला ते असतं, मागच्या ३६ महिन्यांचं. मला वाटतं साहेब लोक सगळ्यात आधी तिथंच बोट ठेवतात. जुनी चूक चालते, कालपरवाची चालत नाही.

आपल्या भागातल्या लोकांच्या रिपोर्टात आणखी दोन गोष्टी हमखास निघतात. एक म्हणजे बायकांच्या गटाचं मायक्रोफायनान्सचं कर्ज. गावाकडं घेतलं, दर आठवड्याला हप्ता जायचा, मग माणसं इकडं कामाला आली आणि शेवटचे हप्ते राहून गेले. रक्कम चार-सहा हजार, पण नोंद चोख. दुसरं पीककर्ज. २०१७ आणि २०१९च्या कर्जमाफीत नाव आलं म्हणजे सिबिल आपोआप साफ झालं असं धरून चालू नका. गावच्या सोसायटीकडून किंवा बँकेकडून बेबाकीचा, म्हणजे काही बाकी नसल्याचा, दाखला घ्या आणि रिपोर्टात खातं बंद दिसतंय का ते डोळ्यांनी बघा. एका पोरीचा नवरा गंगाखेडकडचा, माफी होऊन चार वर्षं झालेली, रिपोर्टात अजून थकबाकी. दाखला जोडून तक्रार टाकली तेव्हा ते निघालं.

चुकीची नोंद असेल तर तक्रार करायला पैसे लागत नाहीत. त्या संस्थेच्या साइटवर टाकायची. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे एवढ्यासाठी सांगते की 'पंधरा हजारात सिबिल दुरुस्त' अशी पत्रकं चहाच्या टपरीवर चिकटवलेली दिसतील. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही आणि खोटी तुम्हाला फुकटात काढता येते, मग त्या बाबाला पैसे कशाचे द्यायचे?

आता आमच्या 'सेटल्ड'चं काय केलं ते. फायनान्स कंपनीला अर्ज दिला की सोडलेले पन्नास हजार आम्ही भरतो, पूर्ण फेड झाल्याचं पत्र द्या आणि नोंद 'क्लोज्ड' करा. सासूबाई म्हणाल्या, "सोडलेले पैसे कुणी आपणहून भरतंय व्हय?" भरावे लागले. पत्र हातात यायला चार महिने गेले, तीन वेळा माणूस बदलला. म्हणून पैसे देण्याआधी त्यांच्याकडून लेखी घ्या, किती भरल्यावर नोंद काय होणार ते. तोंडी हो म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाखेत असतो. ट्रॅक्टरचे हप्ते चुलत दिरांनी सोयाबीनच्या पैशातून भरले. भाऊबंदकी ताणली ती ताणलीच.

एवढं करूनही स्कोअर लगेच उडी मारत नाही. मग वाट बघत बसायचं का? इथंच पुष्कळ जणांची गल्लत होते. आपल्याकडं नवरा-बायकोचं सिबिल एक नसतं, ज्याच्या त्याच्या पॅनवर वेगळं असतं. नवऱ्यानं बुडवलं म्हणून बायकोचा स्कोअर पडत नाही, जोवर ती त्या कर्जात सहकर्जदार किंवा जामीनदार नाही. माझा ७६० होता, कारण मी आयुष्यात एक फ्रीज हप्त्यावर घेतला होता आणि वेळेवर फेडला होता. आणि जिनं कधी कर्जच घेतलं नाही तिनंही घाबरू नये. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ मागची नोंद नाही म्हणून नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे.

म्हणून २०२२ला दुसऱ्या बँकेत मी एकटीच्या नावानं फाइल टाकली. साहेबांनी विचारलं, मिस्टरांना सहकर्जदार का घेत नाही? मी सरळ सांगितलं, गाडीचं कर्ज होतं, दुष्काळात बुडालं, आता पूर्ण भरलंय, हे पत्र. त्यांनी पत्र वाचलं, मान हलवली आणि पुढचा कागद मागितला. लपवलं असतं आणि नंतर निघालं असतं तर फाइल तिथंच मेली असती.

एकटीच्या नावाची किंमत मोजावी लागते. फक्त माझा ३४ हजार पगार धरला, ह्यांची कमाई शून्य. २४ लाखांचा फ्लॅट, ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मला १७ लाखच मंजूर झाले. हप्ता साधारण १५ हजार, वीस वर्षं. वरचे सात लाख पीएफ, माझं डोरलं सोडून बाकीचं सोनं आणि माहेरचे उसने असे जमवले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या ९० टक्क्यांत धरत नाहीत हेही लक्षात ठेवा, तो हातचाच लागतो.

दुसरी अट मालकीची. बहुतेक बँका म्हणतात, खरेदीखतात ज्याचं नाव तो कर्जातही हवा. म्हणजे ह्यांना कर्जातून बाहेर ठेवायचं तर घराच्या मालकीतूनही बाहेर. यावर आमच्याकडं आठ दिवस चूल गप्प होती. सासूबाईंचं एकच, "पोराचं नाव नाही व्हय घरावर? लोक काय म्हणतील?" शेवटी हेच म्हणाले, "आई, दारावरच्या पाटीला सिबिल लागत नाही." पाटीवर दोघांची नावं आहेत, ह्यांचं वर. खरेदीखतात माझं. त्यात एक फायदाही झाला, महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमचे २४ हजार वाचले. पुरुषाचं नाव जोडीला असेल तर ती मिळत नाही.

ज्या घरात उलटं आहे, म्हणजे बायकोच्या गटाचं कर्ज थकलंय आणि नवरा साफ आहे, तिथंही रस्ता हाच. फक्त कर्ज ज्याच्या एकट्याच्या नावावर, त्याचा टर्म इन्शुरन्स काढा. उद्या बरंवाईट झालं तर बँक मागं राहिलेल्याला हप्ताच विचारणार.

आणि एक इशारा, मनापासून. बँकेनं नाही म्हटलं की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी भेटतो, "सिबिल-बिबिल काही नको, बॉन्डवर प्लॉट घ्या, महिना पाच हजार." ज्यांचं सिबिल खराब तेच असल्या लोकांचं गिऱ्हाईक. तो प्लॉट बहुतेक वेळा गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमीन परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेला असतो, नोटरी केलेल्या कागदावर. त्यावर बँक पुढंही कर्ज देत नाही आणि मालकीही नावावर होत नाही. गुंठेवारी कायदा २००१चा आहे आणि २०२१च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्याच बांधकामांना नियमित होण्याची वाट दिली. आज नव्यानं पाडलेल्या प्लॉटला ती वाट नाही. सातबारा किंवा पीआर कार्ड (मालमत्ता पत्रक) आणि एनएचा, म्हणजे बिगरशेतीचा, आदेश दाखवा म्हटलं की विकणाऱ्याचा फोन लागेनासा होतो. माझ्या डोळ्यांदेखत तीन कुटुंबांचे पैसे असे अडकलेत.

ह्यांनी नंतर बँकेत २० हजारांची एफडी ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. महिन्याला पेट्रोल तेवढं त्यावर टाकायचं आणि तारखेच्या आधी पूर्ण भरायचं. २०२५पासून बँका नोंदी महिन्यातून निदान दोनदा पाठवतात, त्यामुळं फरक पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. मागच्या दिवाळीत ह्यांचा ७१२ होता. ह्यांनी तो आकडा मोबाइलवर मला दोनदा दाखवला.

तुम्ही आज एक काम करा. जुन्या हप्त्यांच्या पावत्या पेटीतून, पिशवीतून, जिथं असतील तिथून काढा आणि झेरॉक्स मारून आणा. मशीनच्या पावतीची शाई उडते. आम्ही पन्नास हजारांचा हिशोब लावायला बसलो तेव्हा चौदा पावत्या पार कोऱ्या निघाल्या होत्या.