लिनक्सवर वायफायचा ड्रायव्हर बसवताना या चुका टाळा

वायफाय दिसेनासे झाले की बहुतेक नवशिके एखाद्या व्हिडिओतील कमांड जशाच्या तशा टर्मिनलमध्ये चिकटवतात; आपल्या लॅपटॉपमध्ये वायफाय कार्ड कोणते आहे, हे मात्र पाहत नाहीत. मी 'एलएसपीसीआय -एनएनके' ही लॅपटॉपमधील कार्डांची यादी दाखवणारी कमांड चालवून कार्डाचा क्रमांक आणि 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' (कार्ड सध्या कोणत्या ड्रायव्हरवर चालते) ही ओळ वाचल्याशिवाय कशालाही हात लावत नाही.

२०२२ मध्ये सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला बोलावले. "काका, कालपर्यंत व्यवस्थित चालत होतं," एवढेच तो सांगत होता. कार्ड रिअलटेकचे आरटीएल८८२१सीई होते आणि उबुंटू २०.०४ मधील ५.४ कर्नेलमध्ये (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) त्याचा ड्रायव्हर नसल्यामुळे विद्यार्थ्याने तो स्वतः कंपाइल करून, म्हणजे मूळ कोडपासून तयार करून, 'मेक इन्स्टॉल' या कमांडने बसवला होता. असा ड्रायव्हर त्याच एका कर्नेलपुरता असतो, त्यामुळे अपडेटने ५.१५ कर्नेल येताच तो निरुपयोगी झाला. वास्तविक या कार्डाचा ड्रायव्हर ५.९ पासून कर्नेलमध्येच आहे, म्हणजे अपडेटनंतर काहीही करावे लागायला नको होते. पण त्याच यादीतल्या 'कर्नेल मॉड्यूल्स' या ओळीत 'आरटीडब्ल्यू८८_८८२१सीई' हे कर्नेलमधल्या ड्रायव्हरचे नाव दिसत होते आणि 'ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नव्हती. ड्रायव्हरच्या सेटिंग्ज असलेले 'मॉडप्रोब.डी' फोल्डर उघडल्यावर कारण सापडले: व्हिडिओत सांगितले म्हणून त्याने कर्नेलमधला तोच ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केला होता, म्हणजे तो आपोआप सुरू होऊ नये अशी ओळ लिहिली होती. ती एक ओळ काढून मशीन रीस्टार्ट केले आणि वायफाय सुरू झाले. तोपर्यंत बिचाऱ्याने दोन रात्री जागून काढल्या होत्या.

बाहेरचा ड्रायव्हर घ्यावाच लागला, तर तो डीकेएमएस या साधनामार्फत घ्यावा, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नेलसाठी तो आपोआप पुन्हा तयार होतो. 'मेक इन्स्टॉल'ने वाचणारी पाच मिनिटे पुढच्या अपडेटला व्याजासकट वसूल होतात, असा माझा अनुभव आहे. तेवढ्यापुरते इंटरनेट हवे असेल, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करावे.

वायफाय बंद केलेले आहे का हे दाखवणारी 'आरएफकिल लिस्ट' ही कमांड चालवून न पाहता ड्रायव्हरला दोष देऊ नये. अनेकदा लॅपटॉपवरचे वायफायचे बटणच बंद असते.

'डीमेसेज'मध्ये (कर्नेलचे संदेश दाखवणारी कमांड) फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, लोड करताना 'एरर -२' दिसला, तर त्याचा अर्थ फाइल सापडली नाही एवढाच असतो. तिथे ड्रायव्हर बदलून उपयोग नाही, फर्मवेअरचे पॅकेज बसवावे.

सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) चालू असताना डिजिटल सही नसलेले मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, कर्नेल नाकारतो. डीकेएमएस बसवताना विचारलेला पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा, कारण रीस्टार्ट झाल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यावर तोच द्यावा लागतो आणि घाईने 'कंटिन्यू बूट' निवडणाऱ्यांची त्या सहीची डिजिटल किल्ली नोंदवलीच जात नाही.