इंग्लंडची सनद घेऊन स्कॉटलंड किंवा आयर्लंडला निघालात? या चुका टाळा

पुण्यात सनद घेतलेला वकील उद्या पणजीच्या कोर्टात उभा राहू शकतो. बार कौन्सिल एक, हायकोर्ट एक, आणि 2011 मध्ये ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम 30 लागू झाल्यापासून देशभर मोकळीक. ही सवय मुरलेली असल्यामुळे लंडनमध्ये सॉलिसिटर झालेले आपले लोक एडिनबराच्या नोकरीकडेही तशीच बदली म्हणून बघतात. पण युनायटेड किंग्डममध्ये कायद्याच्या तीन वेगळ्या व्यवस्था आहेत: इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड. डब्लिन तर वेगळा देशच.

अर्ज भलत्याच दारात

इंग्लंडमध्ये नियमन एसआरए (सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी) करते आणि लॉ सोसायटी ही वकिलांची संघटना. स्कॉटलंडमध्ये दोन्ही कामं लॉ सोसायटी ऑफ स्कॉटलंडच करते. त्यामुळे स्कॉटलंडला जायचं असेल तर एसआरएला फक्त ‘गुड स्टँडिंग’ दाखल्यासाठी, म्हणजे तुमच्या नावावर काही ठपका नाही या दाखल्यासाठी, गाठायचं, बाकी सगळा व्यवहार एडिनबराशी. तिथे इंग्लंडच्या सॉलिसिटरला पुन्हा ट्रेनीशिप, म्हणजे फर्ममधली उमेदवारी, करावी लागत नाही, पण परीक्षा आहे. कोणत्या पेपरला सूट मिळते हे आधी लेखी विचारून घ्या आणि मगच पुस्तकांवर पैसे घाला. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सिनियरला पाच वर्षांपूर्वी मिळालेली सूट तुम्हाला मिळेलच असं नाही.

‘कॉमन लॉ तोच की!’

कॉमन लॉ, म्हणजे कोर्टांच्या निकालांतून घडलेला कायदा, दोन्हीकडे एकच मानणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. टॉर्टच्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याच्या, प्रत्येक इंग्रजी पुस्तकात पहिल्या पानांवर भेटणारा 1932 चा डोनाह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला मुळात स्कॉटलंडमधल्या पेस्लीचा. त्यावरून दोन्हीकडचा कायदा एकच, असा समज घट्ट होतो. निष्काळजीपणापुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पुढे मात्र वाटा फुटतात.

मुदतीचंच बघा. करारभंगाच्या दाव्याला इंग्लंडमध्ये साधारण सहा वर्षं मिळतात, 1980 च्या लिमिटेशन ॲक्टखाली. स्कॉटलंडमध्ये 1973 च्या कायद्याने बहुतेक देणी पाच वर्षांत संपतात. संपतात म्हणजे नुसता दावा अडत नाही, देणंच नाहीसं होतं. सहा वर्षांचा हिशेब डोक्यात ठेवून फाइल बाजूला ठेवणाऱ्याच्या अशिलाचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको. शिवाय स्कॉटलंडमध्ये करार बंधनकारक व्हायला ‘कन्सिडरेशन’ म्हणजे मोबदला लागत नाही, एकतर्फी वचनही बांधून ठेवू शकतं. पहिल्या वर्षाला कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट घोकलेल्या आपल्या मंडळींना हे पचायला वेळ लागतो.

वारसाहक्कात मात्र गोव्याचा वकील महाराष्ट्रातल्या वकिलाच्या पुढे असेल. गोव्याच्या दिवाणी कायद्यात मृत्युपत्र करणाऱ्याला साधारण अर्ध्याच हिश्श्याची मोकळीक असते, उरलेलं हक्काच्या वारसांचं. स्कॉटलंडमध्येही तोच विचार आहे, पण फक्त जंगम मालमत्तेपुरता. नवरा किंवा बायको आणि मुलं असतील तर एक तृतीयांश जोडीदाराचा आणि एक तृतीयांश मुलांचा, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. घर यात येत नाही. इंग्लंडमध्ये असा ठरलेला वाटा नाही, तिथे 1975 च्या कायद्याखाली कोर्टाकडे तरतूद मागावी लागते. हा फरक माहीत नसलेल्याने ग्लासगोच्या अशिलाचं मृत्युपत्र करायला घेऊ नये.

घरखरेदीही वेगळी. मिसिव्ह म्हणजे दोन्हीकडच्या सॉलिसिटरांची पत्रं, त्यांतूनच करार पक्का होतो. कर वेगळा, तारणाचा दस्त वेगळा, आणि इंग्लंडमधले 99 वर्षांच्या लीजवरचे फ्लॅट तिथे नाहीत. परीक्षेत लोक अडखळतात ते याच विषयात, कारण ‘येतंच की’ म्हणून तो शेवटच्या आठवड्यावर ढकललेला असतो.

जुन्या नोट्स वापरू नका. स्कॉटलंडमध्ये 30 एप्रिल 2024 पासून मृत्युपत्राविना गेलेल्या, मुलं नसलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला आईवडील आणि भावंडांच्या आधी वारसा मिळतो. फौजदारी खटल्यातला ‘नॉट प्रूव्हन’ (आरोप सिद्ध झाला नाही) हा निकालाचा तिसरा पर्याय रद्द करणारा कायदा 2025 मध्ये मंजूर झाला. सेकंडहँड पुस्तकात यातलं काही सापडणार नाही.

डब्लिन: रोलवर नाव आलं, पुढे काय?

आयर्लंडची गोष्ट उलटी. इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरला तिथे सहसा परीक्षाच द्यावी लागत नाही. 2016 च्या ब्रेक्झिट मतदानानंतर लंडनच्या फर्म्समधल्या शेकडो लोकांनी तिथल्या रोलवर, म्हणजे सॉलिसिटरांच्या नोंदवहीत, नावं घातली. पुढे 2020 मध्ये लॉ सोसायटी ऑफ आयर्लंडने स्पष्ट केलं की प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट, म्हणजे प्रत्यक्ष वकिली करण्याचा परवाना, हवा तर आयर्लंडमधल्या कार्यालयातून काम करत असल्याचं, किंवा करणार असल्याचं दाखवावं लागेल. म्हणजे नाव रोलवर आहे पण सर्टिफिकेट नाही, अशा अवस्थेत माणूस अडकू शकतो. फी भरण्याआधी डब्लिनचा पत्ता आणि नोकरी हातात आहे का, ते बघा. एसक्यूई ही इंग्लंडची सॉलिसिटर पात्रता परीक्षा देऊन सॉलिसिटर झाला असाल तर तुमचा मार्ग त्यांना चालतो का, हे आधी विचारा.

आणि परीक्षा नाही म्हणजे शिकायचं काही नाही, असं नव्हे. अपघाताच्या दाव्याला इंग्लंडमध्ये तीन वर्षं मिळतात, आयर्लंडमध्ये दोनच, आणि बहुतेक प्रकरणांत कोर्टाआधी इंज्युरीज रिझोल्यूशन बोर्डाकडे अर्ज करावा लागतो.

भारतीय पासपोर्टवाल्यांची खास चूक म्हणजे ब्रिटिश व्हिसावर डब्लिनला काम करता येईल हा समज. दोन देशांतली ती मोकळीक ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांपुरती आहे. एडिनबराला हा प्रश्न येत नाही. डब्लिनसाठी आयरिश परवाना वेगळा काढावा लागतो, आणि ते काम फर्मशी बोलणी चालू असतानाच काढायला हवं.

कागद अडले तर

अडतात ते बहुधा नावावरून. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, सनदेवर लग्नाआधीचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मध्ये. तीन कागदांवर तीन माणसं दिसली की समोरचा क्लार्क फाइल बाजूला ठेवतो. विवाह नोंदणी दाखला आणि ‘ही सगळी नावं माझीच’ असं प्रतिज्ञापत्र पहिल्याच अर्जासोबत जोडा. भारतातली सनद अजून चालू असेल तर बार कौन्सिलकडूनही दाखला मागितला जाऊ शकतो. तो मुंबईहून यायला वेळ लागतो आणि इंग्लंडचा दाखला तोवर जुना होतो. म्हणून आधी मुंबईचा मागवा, तो हातात आला की एसआरएचा.