वापरसुलभतेचे नियम आणि कोडची गती
मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा) प्रकल्पात वापरसुलभतेची सगळी मार्गदर्शक तत्त्वे ठरेपर्यंत कोड अडवून ठेवू नये. स्वयंसेवकांचा उत्साह तेवढा काळ टिकत नाही. आधी तपासता येतील असे मोजकेच नियम सक्तीचे करावेत: उदाहरणार्थ, साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजळपणातील फरकाचे प्रमाण), आणि प्रत्येक बटणापर्यंत कीबोर्डने पोहोचण्याची सोय. किरकोळ त्रुटींसाठी वेगळा इश्यू (त्रुटीची नोंद) उघडून पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधील बदल स्वीकारण्याची विनंती, मर्ज करावी, म्हणजे तो बदल मुख्य कोडमध्ये सामील करावा. मात्र ‘फाइल हटवा’ हे बटण ना खात्री विचारत असेल, ना केलेली कृती पूर्ववत करू देत असेल, तर कोड कितीही नेटका असला तरी तो थांबवावाच, कारण गेलेला डेटा पुढच्या आवृत्तीत परत येत नाही. मतभेद मिटवण्यासाठी सेटिंगमध्ये आणखी एक पर्याय वाढवणेही टाळावे. वाद तेवढ्यापुरता संपतो, पण दोन्ही पर्यायांची चाचणी कायमची गळ्यात पडते.