मातीच्या ट्रॅकवर स्टार्टिंग ब्लॉक कसा लावायचा

माझ्याकडे सकाळी सरावाला येणाऱ्या पोरांच्या हातात मी आधी हातोडी देते. सुटायचं कसं, ते नंतर. शाळेत असताना जिल्ह्याच्या स्पर्धेत शंभर मीटरला माझा ब्लॉक, म्हणजे सुटताना पाय रेटायला जमिनीत ठोकतात ती दोन पाट्यांची चौकट, पहिल्याच रेट्यात सरकला. मुरूम भुसभुशीत, खिळे आखूड. मी गुडघ्यावर आपटले आणि मान वर केली तेव्हा बाकीच्या जणी पार पुढे गेल्या होत्या.

म्हणून मातीवर लांब खिळेच वापरा. आदल्या संध्याकाळी त्या जागेवर पाणी मारा, माती दबून बसते. ठोकून झालं की पाटीवर लाथ मारून बघा. हललाच, तर चार बोटं बाजूला सरकून ठोका. त्याच भोकात खिळा पुन्हा धरत नाही.

अंतराला टेप लागत नाही. स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घाला आणि फक्कीच्या रेघेपासून टाचेला चवडा लावत मागे दोन पावलं मोजा, तिथे पुढची पाटी. आणखी एक पाऊल मागे, तिथे मागची. लांब उडीत ज्या पायावर उसळी घेता, तो पाय पुढे ठेवून बघा. पुढची पाटी जरा कललेली, मागची तिच्यापेक्षा उभी.

आता खरी परीक्षा 'सेट'ला, म्हणजे सुटण्याआधी कंबर उचलून थांबता तेव्हा. कंबर खांद्यांच्या किंचित वर, पुढचा गुडघा साधारण 90 अंशांत, मागचा 120 ते 130. दोन्ही टाचा मागे रेटा. पोटऱ्यांत ताण आला पाहिजे. ताण नाही, म्हणजे पाय पाटीवर नुसते टेकलेत. गुडघा छातीशी अडकत असेल तर पाट्या बोटभर मागे घ्या. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. बोटं रेघेच्या मागेच, रेघेवर नाहीत.

दोनशे-चारशेला वळणावर ब्लॉक लेनच्या बाहेरच्या कडेला, थोडा आतल्या कडेकडे तिरका लावा, म्हणजे पहिली पावलं सरळ पडतात.

ब्लॉकच नसेल तर? 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा धावपटू जेसी ओवेन्सनं ट्रॅकमध्ये छोट्या थापीने खड्डे खणून शंभर आणि दोनशे मीटरची सुवर्णपदकं जिंकली. ऑलिम्पिकमध्ये ब्लॉक आले ते 1948 ला, लंडनला. खुरपं घ्या, याच मापाने खड्डे करा आणि मागची भिंत ठोकून घट्ट करा.

आपलं माप वहीत पावलांत लिहा, पाटी ब्लॉकच्या कितव्या खाचेत बसवली ते नको. स्पर्धेतल्या ब्लॉकच्या खाचा वेगळ्या असतात.