ऑब्जेक्टमधील नाती टेबलांत उतरवताना

ऑब्जेक्टमधील नात्याला दिशा असते: एका ऑब्जेक्टमध्ये दुसऱ्याचा संदर्भ असतो, उलट असेलच असे नाही. टेबलांमधील नाते मात्र फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातील ओळीची ओळख ठेवणाऱ्या कॉलमवर) उभे असते आणि जॉइन करून, म्हणजे दोन टेबलांच्या ओळी जुळवून, कोणत्याही बाजूने वाचता येते. बहुतेक गोंधळ या फरकातूनच होतात. उदाहरणादाखल ग्रंथालयाची प्रणाली घेऊ आणि ती जावामध्ये हायबरनेट (ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांत उतरवणारी लायब्ररी) वापरून लिहिली आहे असे समजू.

एका पुस्तकाच्या अनेक प्रती असतात. पुस्तकाच्या क्लासमध्ये प्रतींची यादी असली, तरी फॉरेन की ‘अनेक’च्या बाजूला, म्हणजे प्रतीच्या टेबलात, ठेवावी. नाते दोन्ही क्लासमध्ये लिहायचे असल्यास प्रतीतील संदर्भ हाच नात्याचा मालक, म्हणजे फॉरेन की ज्यावरून भरली जाते ती बाजू, धरावा आणि पुस्तकातील यादीवर ‘मॅप्डबाय’ (मालक दुसरी बाजू आहे असे सांगणारी खूण) लिहावे. त्यानंतर नवी प्रत केवळ यादीत घातली आणि प्रतीतील संदर्भ भरला नाही, तर कॅस्केडमुळे (पुस्तकासोबत त्याच्या प्रतीही साठवण्याच्या सोयीमुळे) प्रत साठवली जाऊनही तिच्या फॉरेन कीचा कॉलम रिकामाच राहतो, आणि याची कोणतीही सूचना मिळत नाही. म्हणून दोन्ही बाजू एकदम भरणारी एकच मेथड पुस्तकाच्या क्लासमध्ये लिहावी व कॉलमवर ‘नॉट नल’ची, म्हणजे तो रिकामा न राहण्याची, अट घालावी.

पुस्तक आणि लेखक यांचे नाते अनेकांचे अनेकांशी असल्याने मध्ये जॉइन टेबल (दोन्हींच्या फॉरेन की जोडीने ठेवणारे टेबल) लागते. हायबरनेट ते स्वतः तयार करते. परंतु मूळ लेखक कोण, अनुवादक कोण आणि संपादक कोण हे नोंदवायचे झाले की ती माहिती ना पुस्तकाची असते ना व्यक्तीची. माझ्या मते अशा नात्यासाठी आरंभापासूनच स्वतंत्र क्लास करावा. सभासद आणि प्रत यांच्यातील देवघेवीसाठी तर स्वतंत्र क्लासला पर्यायच नाही, कारण तिला दिल्याची आणि परतीची तारीख असते. येथे सभासद व प्रत यांचे क्रमांक मिळून प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) करू नये: तोच सभासद तीच प्रत पुढच्या वर्षी पुन्हा नेऊ शकतो.

इनहेरिटन्ससाठी, म्हणजे एका क्लासपासून उपक्लास केले असतील तेव्हा, सर्वांना मिळून एकच टेबल हा हायबरनेटचा मूळ पर्याय आहे; उपक्लास थोडे असतील तर तो पुरतो, फक्त त्यांचे खास कॉलम रिकामे राहू द्यावे लागतात.

‘अनेकांचे एकाशी’ हे नाते मुळात लगेच लोड होते. ते ‘लेझी’ (गरज पडेल तेव्हाच लोड होणारे) करावे आणि यादी दाखवताना ‘जॉइन फेच’ (संबंधित ओळी त्याच क्वेरीत आणणे) वापरावे, अन्यथा प्रत्येक ओळीमागे एक वेगळी क्वेरी जाऊ शकते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आपोआप होत नाही, तो स्वतः करावा. मायएसक्यूएल या डेटाबेसचे इनोडीबी हे साठवणीचे इंजिन तो स्वतः करते.