बेसावध चेहरा : रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची छायाचित्रे कशी काढावीत

पुण्याच्या महात्मा फुले मंडईची दगडी अष्टकोनी इमारत १८८६ साली बांधून झाली, तेव्हा तिचे नाव रे मार्केट असे होते. आतले गाळेधारक उंच ओट्यांवर बसतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला मान वर करून भाव विचारावा लागतो, आणि छायाचित्रकारालाही चेहरे किंचित खालूनच दिसतात. या इमारतीत मी कॅमेरा घेऊन बऱ्याच सकाळी घालवल्या आहेत. एका मावशींची मी लागोपाठ चाळीसेक छायाचित्रे काढली आणि त्यांतले एकच धड निघाले. त्यात त्या मेथीची जुडी बांधत आहेत. सुतळीचे एक टोक दातांत धरलेले, दुसरे उजव्या हाताच्या बोटांना गुंडाळलेले, भुवया जवळ आलेल्या आणि नजर गाठीवर खिळलेली. बाकीच्या छायाचित्रांत त्या गिऱ्हाइकाची वाट पाहत होत्या, म्हणजे खरे तर हा मुलगा काही घेणार आहे की नुसताच उभा राहणार आहे, एवढेच पाहत होत्या.

अनोळखी माणसाचे बेसावध छायाचित्र जमते ते बहुधा याच कारणाने. माणसाचे लक्ष दुसऱ्या कशात तरी पुरते गुंतलेले असावे, आणि ते कशात गुंतले आहे हे पाहणाऱ्याला छायाचित्रातूनच कळावे. म्हणून चेहरे शोधत हिंडण्यापेक्षा कामात असलेले हात शोधावेत. दादरच्या फुलबाजारात झेंडूचे हार ओवणारी बाई, चष्मा घरी विसरल्यामुळे बिल हातभर लांब धरून वाचणारे काका, बसमध्ये चढण्यापूर्वी मुठीतली चिल्लर बोटाने बाजूला सारत मोजणारा विद्यार्थी, या सगळ्यांच्या हातांत त्यांच्या चेहऱ्याचा अर्थ असतो. मोबाइलमध्ये डोके घातलेला माणूसही गुंतलेलाच असतो, पण त्याचा चेहरा खाली असतो आणि तो कशाने गुंतला आहे हे आपल्याला दिसत नाही, त्यामुळे अशी छायाचित्रे सहसा मुकी राहतात. हसू किंवा राग आयता टिपता आला तर चांगलेच. मात्र केवळ सुरकुत्यांच्या भरवशावर कुणा आजोबांचा चेहरा टिपण्याची जी रीत दर आषाढी वारीत दिसते, तिच्यात आजोबांपेक्षा लेन्सच्या सुस्पष्टतेचेच कौतुक अधिक असते, असे माझे मत आहे.

माणूस गुंतण्याचा क्षण आपल्या हातात नसतो. उजेड, पार्श्वभूमी आणि अंतर या गोष्टी मात्र असतात, आणि त्या आधी ठरवून ठेवता येतात. अमेरिकी छायाचित्रकार फिलिप-लोर्का डिकॉर्सिया याने १९९९ ते २००१ या काळात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फ्लॅशचे दिवे आधीच उंचावर बांधून ठेवले आणि स्वतः दूरचे जवळ आणणारी लांब लेन्स घेऊन दूर उभा राहिला. वाटसरू नेमक्या त्या जागी आला की दिवा लागायचा. अशी हजारो छायाचित्रे काढून त्याने त्यांतली १७ निवडली. दिवे बांधणे आपल्या आवाक्याबाहेरचे असले तरी आधी उजेड शोधावा आणि मग त्यात कुणी येण्याची वाट पाहावी, हा क्रम आपल्यालाही पाळता येतो. उन्हाच्या वेळी छपराची किंवा दुकानाच्या पडवीची सावली जिथे संपते, त्या रेषेच्या जरा आत उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर रस्त्यावरून परतणारा मऊ उजेड पडतो आणि त्याच्या मागे काळोख राहतो. समोर चुना दिलेली भिंत असली तर आणखीच उत्तम. याउलट बाजारातल्या निळ्या ताडपत्रीपासून सावध राहावे. तिच्याखाली बसलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर निळी झाक येते, आणि नंतर संगणकावर ती काढायला गेले की टोमॅटोचाही रंग बिघडतो. फळगाड्यांवरचे एलईडी दिवेही फसवतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे त्यांतले स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घेणारी झडप, वेगवान ठेवले की छायाचित्रात आडवे पट्टे उमटतात. तिथे शटर १/१०० सेकंदावर आणावे आणि हालचालीतली थोडी पुसटता सोसावी.

पार्श्वभूमीबद्दल फार काही सांगण्यासारखे नाही, कारण बहुतेक अडचणी अर्धे पाऊल डावी-उजवीकडे सरकल्याने सुटतात. डोक्यातून विजेचा खांब उगवलेला नाही ना, एवढे पाहावे. आपल्या शहरांचे खास दुखणे म्हणजे वाढदिवसाचे फ्लेक्स. चौकात चणे विकणाऱ्या माणसाच्या मागे एखाद्या भावी नगरसेवकाचा दोन फुटी हसरा चेहरा असेल, तर पाहणाऱ्याची नजर हमखास त्या हसऱ्या चेहऱ्याकडेच जाते. तो फ्लेक्स हाच छायाचित्राचा विषय असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर जागा बदलावी.

अंतराच्या बाबतीत सुरुवातीला मी जी चूक केली, ती बहुतेक जण करतात. लाजेपोटी मी २०० मिलिमीटरची लांब लेन्स घेतली आणि वर्षभर समोरच्या फुटपाथवरून छायाचित्रे काढली. चेहरे स्वच्छ आले, पण ती माणसे कुठे होती, त्यांच्या आजूबाजूला काय चालले होते, हे त्यांत कुठेच उतरले नाही, आणि पाहणाऱ्याला आपण चोरून डोकावतो आहोत असे वाटत राहिले. शिवाय लांब लेन्स घेऊन फुटपाथवर उभा राहिलेला माणूस लगेच डोळ्यांत भरतो. आजूबाजूचे जास्त टिपणाऱ्या ३५ मिलिमीटरच्या लेन्सने दोन-अडीच मीटरवरून काढलेल्या छायाचित्रात माणूस, त्याचे हात आणि त्याची जागा हे तिन्ही मावतात. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर या लेन्सचे छिद्र एफ ८ वर ठेवून फोकस हाताने २.५ मीटरवर लावला, तर साधारण १.७ मीटरपासून ४.८ मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. मग फोकस लागण्याची वाट पाहावी लागत नाही. अडीच मीटर म्हणजे आपली किती पावले, तेवढे एकदा घरी मोजून अंगवळणी पाडावे. बसलेल्या माणसासाठी शटर १/२५० आणि चालत्यासाठी १/५०० पुरते, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, मात्र कॅमेऱ्यावर सोडून द्यावा. मोबाइलने काढत असाल तर मुख्य कॅमेऱ्याची दुप्पट झूम वापरावी, कारण रुंद लेन्स चेहऱ्याजवळ नेली की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात.

एवढ्या जवळ जायचे तर लपून चालत नाही. अमेरिकी छायाचित्रकार वॉकर इव्हान्स याने १९३८ ते १९४१ या वर्षांत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कॅमेरा कोटाखाली दडवून, लेन्स फक्त बटणांच्या फटीतून बाहेर ठेवून समोरच्या प्रवाशांची छायाचित्रे काढली. ती पुस्तकरूपाने आली ती १९६६ साली. छायाचित्रे थोर आहेत, पण मला ती रीत मानवत नाही, आणि मंडईत तर तिची गरजच पडत नाही. कॅमेरा उघडपणे गळ्यात अडकवून एकाच ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटे थांबावे, पाव किलो भेंडी घ्यावी, चार गप्पा माराव्यात. तेवढ्यात लोकांचे आपल्यावरचे लक्ष उडते आणि जो तो आपल्या कामाला लागतो. मला मंडईत एका आजींनी सुनावले होते, “अरे, फोटो काढायचा तो काढ, पण गिऱ्हाइकाच्या वाटेतून बाजूला हो.” तेव्हापासून मी गाळ्याच्या कडेला उभा राहतो, आणि तिथून हातही अधिक चांगले दिसतात.

कुणाची नजर लेन्सवर आली तर कॅमेरा झटकन खाली घेऊ नये, त्याने चोरी पकडल्यासारखे होते. हसून मान हलवावी, पडद्यावरचे छायाचित्र दाखवावे आणि “ठेवू का?” असे विचारावे. नको म्हटले तर त्यांच्या डोळ्यांदेखत पुसून टाकावे आणि वाद घालू नये. सार्वजनिक रस्त्यावर छायाचित्र काढायला आपल्याकडे सरसकट मनाई नाही. तरी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ साली दिलेला आहे, हे ध्यानात असावे. पालकांना विचारल्याशिवाय मी मुलांची छायाचित्रे काढत नाही. पुलाखाली झोपलेल्या, नशेत असलेल्या किंवा रडणाऱ्या माणसांवरही कॅमेरा रोखत नाही, कारण नको म्हणण्याच्या स्थितीत ती नसतात.

घरी आल्यावर छायाचित्रे लगेच निवडू नयेत. ज्याच्यासाठी तासभर उन्हात थांबलो ते त्या दिवशी आपोआप चांगले वाटते. आठवड्याने पाहिले की थांबल्याची आठवण गळून पडते आणि चौकटीत जेवढे आहे तेवढेच दिसते. त्यातही पहिल्यांदा हात पाहावेत, मग डोळे, आणि चौकटीच्या कडा सर्वांत शेवटी, कारण कडेला अर्धा कापलेला चेहरा किंवा पांढरी प्लास्टिकची पिशवी उरलेली असतेच. थोडे कापून ती निघत असेल तर कापावे. हात कापले जाणार असतील तर ती पिशवी राहू द्यावी.

मेथीची जुडी बांधणाऱ्या त्या मावशींना मी छायाचित्राची ४ बाय ६ इंची प्रिंट नेऊन दिली. त्यांनी ती लांब धरून पाहिली आणि म्हणाल्या, “दातात सुतळी धरलेली कशाला काढलीस? चांगला साधा फोटो काढायचा ना!” मग पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि लेन्सकडे पाहत ताठ बसल्या. तोही फोटो मी काढला आणि पुढच्या आठवड्यात त्याचीही प्रिंट दिली. गाळ्यामागच्या खांबावर, देवाच्या तसबिरीशेजारी, आता ती दुसरी प्रिंट लावलेली आहे.